बाबांची बाटली, बाजारातली बाटली

गेल्या दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा आईने एक तक्रार माझ्या कानावर घातली. तक्रार दादाच्या मुलाविरुद्ध होती. पोरगा सतरा वर्षांचा, नुकताच दाढी करायला लागलेला. आईचं म्हणणं असं, की तो तिचं कपाट गुपचूप उघडतो आणि बाबांचं ओल्ड स्पाइस लावतो.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“हलवून बघ. पूर्वी कसं डुबुक डुबुक वाजायचं. आता नुसतं तळाशी चळचळतं.”

ही बाटली म्हणजे आमच्या घरातली एक ठेवच आहे. पांढऱ्या काचेची, लाल अक्षरांची, वर शिडाच्या जहाजाचं चित्र. बाबा 1999 मध्ये गेले. तेव्हा ती अर्ध्याहून अधिक भरलेली होती. आईने ती त्यांच्या शालीच्या घडीमागे ठेवली आणि तेव्हापासून वर्षातून एकदा, त्यांच्या तिथीला, ती बूच काढते, एकदा वास घेते, माझ्या आणि दादाच्या नाकाखाली धरते आणि बूच घट्ट लावून टाकते. दुसरा काही विधी नाही.

पोराला बाजूला घेऊन विचारलं तर तो म्हणाला, “आत्या, शप्पथ नाही. मला तो वासच आवडत नाही. म्हाताऱ्यांचा वाटतो.”

त्याच्या डोळ्यांकडे बघून मला ते खरं वाटलं. मग बाटलीतलं गेलं कुठे? आणि म्हातारा वाटतो म्हणजे काय? दुकानात ओल्ड स्पाइस आजही मिळतं आणि ते घेणारे सगळे काही आजोबा नसतात. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक नवी बाटली आणली आणि दोन्ही बाटल्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

वास घेण्याआधी या बाटलीची थोडी कुळकथा. ओल्ड स्पाइस जन्माने अमेरिकन. न्यूयॉर्कच्या विल्यम लाइटफुट शुल्ट्झ यांनी 1934 मध्ये शुल्टन नावाची कंपनी काढली. त्यांची आई वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि मसाले बरणीत घालून ठेवायची. त्या वासावरून त्यांना ही कल्पना सुचली. आपल्याकडे कपड्यांच्या घडीत वाळा किंवा दवणा ठेवतात, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे 1937 मध्ये बाजारात आलेलं पहिलं ओल्ड स्पाइस बायकांसाठी होतं. पुरुषांचं आलं 1938 मध्ये आणि तेच जगभर गेलं. बाटलीवरची जहाजं अमेरिकेच्या जुन्या व्यापारी गलबतांवरून घेतलेली.

आपल्याकडे ते वर्षानुवर्षं गोव्यात तयार व्हायचं. गोव्याच्या मेनेझिस समूहाने परवाना घेऊन ते बनवलं आणि मुंबईपासून कोलकात्यापर्यंतच्या न्हाणीघरांतल्या फळीवर नेऊन ठेवलं. बाबांच्या बाटलीवरचा कागद बराच झिजलाय, पण ‘गोवा’ ही अक्षरं अजून वाचता येतात. दूरदर्शनवरची ती जाहिरात चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल: उंच लाट, त्यावर फळीवर उभा माणूस आणि मागे अंगावर काटा आणणारं ते समूहगान. ते कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या ‘कार्मिना बुराना’तलं. आमच्या घरी दाढीनंतर तुरटीचा खडा फिरवणारे आजोबा आणि ओल्ड स्पाइस लावणारे बाबा एकाच आरशासमोर उभे राहायचे, असं आई सांगते. आजोबांचं मत स्पष्ट होतं: तुरटी चार आण्याची, वर्षभर पुरते आणि शेजाऱ्याला कळत नाही.

शुल्टन कंपनी पुढे विकली गेली आणि 1990 मध्ये ओल्ड स्पाइस प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे आलं. अमेरिकेत 2008 च्या सुमारास मूळ वास ‘क्लासिक’ नावाने नव्या रूपात आला. काचेची बाटली जाऊन प्लॅस्टिकची आली, करड्या बुचाच्या जागी लाल बूच आलं. तेव्हापासून तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांत वाद सुरू आहे, की पूर्वीचा वास हाच का. काही शौकीन तर हिंदुस्थानी बाटली मूळच्या जास्त जवळची म्हणून आवर्जून मागवतात.

आता टेबलाकडे. कोऱ्या जाड कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीवर ‘जु’ लिहिलं, एकीवर ‘न’. दोन-दोन थेंब टाकले आणि घड्याळ लावून बसले. मध्ये नाक ताजं करायला कॉफीचे दाणे हुंगतात, तो दुकानदारांचा थाट. खिडकीत जाऊन चार श्वास घेतले तरी भागतं.

नवी पट्टी पहिल्या मिनिटाला उठून दिसली. संत्र्याच्या सालीसारखा तजेला, त्यामागे स्पिरिटचा झणका, मग गोडसर व्हॅनिला आणि पावडरचा मऊपणा. लवंग आहे, पण दूर, शेजारच्या घरात मसाला भाजतायत तेवढी. पाऊण तासात बरंचसं विरलं. यात गैर काही नाही. आफ्टरशेव्ह दाढीनंतर ताजं वाटावं म्हणून असतं, रात्रीपर्यंत दरवळावं म्हणून नव्हे.

जुनी पट्टी पहिल्या श्वासाला चक्क वाईट लागली. फर्निचरच्या पॉलिशसारखी, थोडी खवट. संत्र्याचा मागमूस नाही. मी तोंड वाकडं केलं तर आई लगेच म्हणाली, “थांब जरा.” ती बरोबर होती. पाच-सात मिनिटांनी तो खवटपणा ओसरला आणि लवंग-दालचिनी वर आली, जाड, काळपट, मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखी. तिच्याखाली धूप, लाकूड, कुठेतरी उबदार कस्तुरीसारखं काही. संध्याकाळी दिवा लावताना पट्टी पुन्हा उचलली तेव्हाही वास होता आणि कागदावर पिवळट डाग पडला होता.

मग जुनं ते सोनं? माझाही तोच निष्कर्ष होणार होता. पण हा सामना सरळ नाही, हे थोडं वाचल्यावर लक्षात आलं.

कुठलाही सुवास एका दमात उडत नाही. संत्रं, लिंबू यांची हलकी तेलं आधी उडतात, मसाले आणि फुलं मागून, आणि व्हॅनिला, डिंक, लाकूड, कस्तुरी ही जड मंडळी शेवटपर्यंत बसून राहतात. हवा लागली की संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून बिघडतं. तो पॉलिशचा वास त्याचाच. पिवळा रंगही बहुधा वयाचाच. व्हॅनिलिन काळानुसार गडद होत जातं. शिवाय बूच कितीही घट्ट लावलं तरी अल्कोहोल वर्षानुवर्षं थोडं थोडं निसटत राहतं. अल्कोहोल गेलं की मागे उरलेलं दाट होतं. म्हणजे बाबांच्या बाटलीतला तो भरदारपणा काही अंशी कारखान्याचा आणि काही अंशी आमच्या कपाटाचा. वरचा मजला कोसळला आणि तळमजला उठून दिसायला लागला, असं समजा.

आणि हो, पोराची निर्दोष सुटकाही इथेच झाली. बाटलीतलं ओल्ड स्पाइस कुणी चोरत नव्हतं. ते आपल्या पायाने जात होतं.

पण सगळं वयावर ढकलूनही चालणार नाही. सुवासांच्या घटकांवरचे नियम गेल्या चाळीस वर्षांत खरोखरच बदललेत. खरी कस्तुरी हरणाची. ती महाग आणि दुर्मीळ, म्हणून कृत्रिम कस्तुरी आली. तिचा शोधही मजेदार. आल्बर्ट बाउर हे रसायनशास्त्रज्ञ 1888 मध्ये स्फोटकांवर काम करत होते आणि हाताला लागला सुगंध! त्या घराण्यातला ‘मस्क अँब्रेट’ हा पदार्थ पुढे पुरुषांच्या आफ्टरशेव्हमध्ये सर्रास वापरला जायचा. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं, की तो लावून उन्हात गेलेल्या काहींच्या चेहऱ्यावर पुरळ उठतं. 1980 च्या दशकात सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो त्वचेवर वापरायचा नाही असं ठरवलं. युरोपात 2005 मध्ये अ‍ॅलर्जी करू शकणारे 26 घटक ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर लेबलवर छापणं बंधनकारक झालं. त्या यादीत लवंगेतलं युजेनॉल आहे, दालचिनीतलं सिनॅमाल आहे आणि आपलं संत्र्यातलं लिमोनीनही आहे. बंदी नव्हे, फक्त नाव छापायचं. पण नाव छापायचं म्हटल्यावर बनवणारा हात आखडता घेतो, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. मसाल्यावर उभ्या असलेल्या सुवासाला हा बदल जास्त जाणवणार. मला व्यक्तिशः हे नियम योग्य वाटतात. चार लवंगा कमी झाल्या तरी चालतील, कुणाचा चेहरा भाजायला नको.

जुना सुवास मूळ रूपात हुंगायचाच असेल तर फ्रान्समध्ये व्हर्सायला ‘ऑस्मोटेक’ नावाचं सुगंधांचं संग्रहालय आहे. 1990 मध्ये सुरू झालं. तिथे बंद पडलेले सुवास मूळ कृतीवरून पुन्हा बनवून ठेवतात: अंधारात, 12 अंश सेल्सियसला, हवेऐवजी आर्गॉन वायू भरून. आमच्या कपाटात अंधार होता. बाकी सांगलीचा मे महिना होता.

आता आईचा निकाल. तिला मी कोणती पट्टी कोणती ते न सांगता दोन्ही दिल्या. नवी नाकाशी धरून ती लगेच म्हणाली, “हे पोरासोरांचं.” जुनी बराच वेळ धरून बसली. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. पण ती म्हणाली, “हाही नाही गं.”

“म्हणजे? बाटली तर त्यांचीच आहे.”

“बाटली त्यांची आहे. वास त्यांचा नाही. त्यांच्या वासात संतूर होता, माझाच साबण वापरायचे. पानातला चुना-कात होता. इस्त्रीचा शर्ट होता. बँकेतून सायकलवर यायचे तो घाम होता. हे सगळं त्यात मिसळायचं. आणि सकाळी पहिल्यांदा लावलं की असं गार, संत्र्यासारखं यायचं.” तिने नव्या पट्टीकडे बोट केलं. “ते या पोरासोरांच्यात आहे.”

मी गप्पच झाले. बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबांचा वास म्हणून माझ्या डोक्यात जो पक्का बसलाय, तो हा जुना, जाड, लवंगेचा. आई म्हणते तो संत्र्याचा गारवा मला आठवतच नाही. वासाचा निरोप मेंदूत आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने जातो, म्हणून वासाने आठवण अशी एकदम उसळते, हे मी वाचलं होतं. ती आठवण दर वेळी थोडी नव्याने लिहिली जाते, हे मात्र कधी स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. दर तिथीला मी बूच उघडल्यावर जे हुंगत आले ते बाबा नव्हते. ती वर्षागणिक आटत चाललेली बाटली होती आणि तिच्यासोबत माझे बाबाही दर वर्षी थोडे दाट, थोडे गडद होत गेले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, “संत्रं? हो, होतं की.” मला त्याचा हेवा वाटला.

उरलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. तुमच्याही घरी अशी एखादी बाटली असेल तर सांगते. अशा बाटलीचा शत्रू म्हणजे तिच्यातली रिकामी जागा. जितकी हवा आत, तितका बिघाड. म्हणून उरलेलं छोट्या काचेच्या कुपीत गळ्यापर्यंत भरावं, बूच लावून मेण ओतावं आणि थंड, अंधाऱ्या जागी उभं ठेवावं. न्हाणीघरात नको, खिडकीत तर नकोच. आणि इतकं जुनं सेंट अंगाला लावू नये. बिघडलेलं लिमोनीन ताज्यापेक्षा त्वचेला जास्त त्रास देतं.

आईला हे पटायला दोन दिवस लागले. तिचा जीव जहाजाच्या बाटलीत. शेवटी गणपती पेठेतून अत्तराची एक कुपी आणली, दादाने औषधाच्या ड्रॉपरने एकेक थेंब उतरवला आणि पोराने देवघरातली मेणबत्ती धरून बूच बंद केलं. त्याच्यावरचा आळ गेल्यामुळे तो जरा उत्साहात होता. नवी बाटली आजीने त्यालाच देऊन टाकली.

कुपी भरून पाच-सहा थेंब उरले. आईने ते बाबांच्या शालीच्या टोकावर टाकले, शाल घडी घालून रिकाम्या बाटलीसकट पुन्हा तिसऱ्या फळीवर ठेवली आणि वहिनीला बजावलं, “ही धुवायला टाकू नकोस.”