शेजारच्या शहराचा कचरा आणि गावाचा काटा

परीक्षेत 'स्वच्छतेचे महत्त्व' हा निबंध आला की आपण काय लिहितो? ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, घंटागाडी आली की त्यात टाकावा, परिसर स्वच्छ ठेवावा. छान. पण गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की आपला निबंधही तिथंच संपतो. गाडी पुढं जाते कुठं, हे कुणी लिहीत नाही आणि त्याचे गुणही कुणी कापत नाही.

ती जाते कुणाच्या तरी शिवारात. शहर जेवढं मोठं तेवढं ते शिवार लांब, आणि बहुतेक वेळा ते शिवार दुसऱ्याच गावाचं. आजचा प्रश्न एवढाच आहे: शहराचा कचरा शेजारच्या गावाच्या हद्दीत पडत असेल, तर त्या गावानं शहराकडून त्याचे पैसे घ्यावेत का? माझं मत आधीच सांगून टाकतो. घ्यावेत, टनावर मोजून घ्यावेत, आणि पैसे घेतले म्हणून 'आता बास' म्हणायचा हक्क मात्र सोडू नये.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घेऊ. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. या शहराचा कचरा कित्येक वर्षं नारेगावच्या डेपोवर पडत होता. आजूबाजूला मांडकी, गोपाळपूर अशी गावं. विहिरींचं पाणी खराब झालं, धूर, माशा, मोकाट कुत्री, आणि 'तुमच्या गावात मुलगी द्यायची कशी' ही अशा प्रत्येक गावातून ऐकू येणारी तक्रार. निवेदनं झाली, आश्वासनं झाली. शेवटी १६ फेब्रुवारी २०१८ पासून गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि या वेळी ते हटले नाहीत. रोजचा चारशे टनांच्या वर कचरा. तो जाणार कुठं? काही दिवसांतच शहरात रस्त्यांवर, चौकांत ढीग लागले. महापालिका गाड्या घेऊन नवी जागा शोधत फिरू लागली आणि जिथं जाईल तिथं लोक आडवे. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, लाठीमार झाला. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं नारेगावात कचरा टाकायला मनाई केली. त्यानंतर मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी असे प्रक्रिया प्रकल्प शहराच्या अंगणातच उभे राहू लागले.

आता विचार करा. हे प्रकल्प आधी का उभे राहिले नाहीत? पैसा नव्हता, जागा नव्हती, ही उत्तरं तुम्हाला मिळतील. मला वाटतं खरं उत्तर वेगळं आहे. नारेगाव फुकट होतं. जी गोष्ट फुकट मिळते तिच्यावर कोण कशाला खर्च करील? कचऱ्यावर प्रक्रिया करायची तर यंत्रं लागतात, माणसं लागतात, वीजबिल येतं. गावाच्या डोक्यावर ओतायला फक्त डिझेल लागतं. ज्या दिवशी गावानं दार लावलं, त्या दिवशी त्या फुकट गोष्टीची किंमत शहराला पहिल्यांदा कळली.

पुण्याची गोष्टही अशीच, फक्त जास्त लांबलेली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या हद्दीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचा कचरा जाऊ लागला. तिथले झरे आणि विहिरी नासल्या, पिण्याचं पाणी टँकरनं आलं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी तीनेक आठवडे गाड्या रोखून धरल्या. तिथल्या आंदोलनांमधली एक जुनी मागणी तुम्ही लक्षात ठेवा: ज्यांच्या जमिनी डेपोत गेल्या त्यांच्या वारसांना महापालिकेत नोकरी. म्हणजे गाव भरपाई मागतच होतं, पण ती घरटी नोकरीच्या रूपात. ज्याची जमीन गेली त्याला कदाचित नोकरी मिळेल. ज्याची विहीर बाटली, पण जमीन गेली नाही, त्याचं काय? त्याच्या नावावर तर काहीच नाही. म्हणून मी टनावर आकार म्हणतो. तो गावाच्या खात्यात येतो, कुणा एकाच्या घरात नाही.

या गोष्टीत पुढं एक गंमत आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही दोन्ही गावं पुणे महापालिकेतच घेतली गेली. झालं, आता शेजारी कोण आणि देणेकरी कोण? स्वतःच्याच खिशातून स्वतःच्याच खिशात पैसे घालायचे. मग २०२४ मध्ये गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. सीमारेषा कागदावर दोनदा सरकली. कचऱ्याचा डोंगर होता तिथंच होता.

तुम्ही म्हणाल, सर, हे मोठ्या शहरांचं झालं, केजचा काय संबंध? संबंध आहे. मांजरा धरण आपल्या तालुक्यात, धनेगावला. त्याचं पाणी लातूर शहर पितं. २०१६ साली धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्ही ऐकलंच असेल. पाण्याला दर आहे. तो किती असावा हे ठरवायला राज्यात २००५ पासून एक प्राधिकरणसुद्धा आहे. पैसे शासनाच्या तिजोरीत जातात, ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या गावात नाही, हा वादाचा मुद्दा आहेच. पण मोजमाप तरी आहे. शहर गावाकडून काही घेतं तेव्हा मीटर बसतो, आणि शहर गावाला काही देतं, म्हणजे कचरा, तेव्हा मीटर कुठं जातो?

आणि ऊस? आपल्याकडं उसाची गाडी काट्यावर चढल्याशिवाय आत जात नाही. टनावर दर ठरतो. 'काटा मारला' हा शब्द बीड जिल्ह्यात लहान पोरालाही समजतो, कारण दोन-चार किलोनंसुद्धा शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. तोच शेतकरी कचऱ्याच्या गाड्या मात्र 'आज पंधरा आल्या, काल वीस' असं बोटांवर मोजतो.

थोडं गणित करू. मी आकडा उदाहरणासाठी धरतो. समजा शहर रोज ४०० टन कचरा पाठवतं आणि गावानं टनाला १०० रुपये लावले. रोजचे झाले ४० हजार. वर्षाचे १ कोटी ४६ लाख. औरंगाबादची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण १२ रुपये, महिन्याला एक रुपया. एका चहाच्या पैशात दहाएक महिने निघतील. शहराला ते जाणवणारही नाहीत. गावाला मात्र त्यातून पाण्याची नवी योजना, दवाखाना, विहिरींची नियमित तपासणी करता येईल. अर्थात, जाणवणार नाहीत हीच या दराची अडचण आहे. शहरानं कचरा कमी करावा असं वाटत असेल तर दर त्याला टोचला पाहिजे.

इंग्लंडनं हे करून पाहिलंय. तिथं १९९६ साली जमिनीत पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यावर कर लावला. सुरुवातीला टनाला ७ पौंड होता. वर्षागणिक वाढवत नेला, आज शंभर पौंडांच्या वर आहे. कचरा पुरणं महाग झालं तसं पुनर्वापर करणं परवडू लागलं आणि पुरल्या जाणाऱ्या कचऱ्याचं प्रमाण खूप घटलं. त्या कराचा काही भाग डेपोच्या आसपासच्या गावांतल्या कामांसाठी देण्याची सोयही त्यांनी ठेवली.

आपल्याकडं कायद्यात याला जागा आहे का? आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत कचरा प्रक्रिया केंद्रावर किंवा भरावभूमीवर टाकण्यासाठी द्यायच्या शुल्काची व्याख्या केली गेली. अनेक शहरांनी मिळून एक सामायिक भरावभूमी करावी आणि खर्च वाटून घ्यावा, असंही त्यात होतं. पण नीट वाचा. ते शुल्क ठेवलं होतं केंद्र चालवणाऱ्याला, म्हणजे ठेकेदाराला. ज्याच्या नाकाशी वास येतो त्या गावाचा त्यात उल्लेख नव्हता. मला खटकतं ते हेच.

आता विरुद्ध बाजू. ती हलकी नाही.

पहिला आक्षेप असा की पैसे घेतले की तोंड बंद होतं. 'घेता ना महिन्याला लाखभर, मग वास येतो म्हणून ओरडता कशाला?' हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. गरीब गावाला पैशाची गरज असते आणि म्हणून तेच गाव आधी तयार होईल. मग कचरा नेहमी गरिबाच्याच दारात जाणार. हा आक्षेप खरा आहे. पण फुकट टाकत होते तेव्हा कचरा श्रीमंताच्या दारात जात होता का? तेव्हाही तो गरिबाच्याच दारात होता, फक्त पावतीशिवाय. माझ्या मते यावर उपाय म्हणजे करार. ग्रामसभेनं ठराव करून केलेला, मुदत लिहिलेला. त्यात लिहायचं की वेगळा न केलेला कचरा आला तर गाडी परत. विहिरीच्या पाण्यात दोष सापडला तर काम बंद. करार मोडला तर दार लावायचा अधिकार गावाचा. भाडं घेणारा घरमालक भाडेकरूला घर जाळू देत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त विचारात टाकतो. 'बाहेरचा' म्हणून वेगळा दर लावणं न्याय्य आहे का? अमेरिकेत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यू जर्सी राज्यानं बाहेरच्या राज्यांचा कचरा घ्यायलाच बंदी केली होती, ती १९७८ मध्ये रद्द झाली. ओरेगॉननं दुसरी वाट धरली: राज्यातल्या कचऱ्याला टनाला ८५ सेंट आणि बाहेरच्याला सव्वादोन डॉलर. १९९४ मध्ये न्यायालयानं तेही अमान्य केलं. कचरा कुठून आला एवढ्याच कारणानं जास्त पैसे घेता येणार नाहीत, असं त्याचं सार. त्यांची राज्यघटना वेगळी, तो निकाल आपल्याला बांधील नाही. पण त्यातला विचार मला पटतो. शहराच्या सालपटाला जो वास तोच गावाच्या सालपटाला. म्हणून दर हद्दीवर नको, नुकसानीवर हवा. गावाची स्वतःची गाडीही त्याच काट्यावर चढावी आणि तेवढेच पैसे भरावेत. मिश्र कचऱ्याला जास्त दर, वेगळ्या केलेल्याला कमी. मग हे भांडण शहरवाले विरुद्ध खेडवळ असं राहत नाही.

हे आपल्यालाही लागू होतं बरं का. केज नगरपंचायतीचा कचरा हवेत विरत नाही. बसस्टँडजवळच्या बाजारात संध्याकाळी जो पालापाचोळा, पिशव्या, कप उरतात, तेही कुणाच्या तरी बांधाला जाऊन पडतात. लातूरला, संभाजीनगरला बोट दाखवताना आपलं उरलेलं कुठं जातं हे विचारायला हवं.

तिसरं म्हणतात की जमीन सरकारी आहे, गायरान आहे, गावाला मागायचा हक्कच काय? गायरान म्हणजे गावाच्या गुरांची चरायची जागा. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. सातबाऱ्यावर नाव सरकारचं असलं तरी तिथली विहीर, वारा आणि गुरं गावाचीच असतात.

पैसे कुठं ठेवायचे हा शेवटचा मुद्दा, आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. सगळे त्याच वर्षी खर्च करून टाकले, कमान बांधली, सभामंडप बांधला, तर पुढं काय? डेपो बंद झाला तरी कचरा झिरपत राहतो, आतून वायू निघत राहतो. भरावभूमी बंद केल्यावर निदान पंधरा वर्षं तिची देखभाल आणि तपासणी व्हायला हवी, असं २०१६ च्या नियमांनीच सांगितलं होतं. तेव्हा गाड्या येत नसतील, म्हणजे टनाचे पैसेही येत नसतील. त्यामुळं दर टनामागचा काही हिस्सा पहिल्या दिवसापासून बाजूला, वेगळ्या खात्यात, ग्रामसभेच्या ठरावाशिवाय हात न लावता येईल असा ठेवावा लागेल. तो हिस्सा किती असावा, याचं गणित वर्गात करून पाहा: रोजचे ४०० टन, डेपो वीस वर्षं चालणार, आणि त्यानंतर पंधरा वर्षं दरमहा पाण्याची तपासणी.