उचल घेण्याआधी पाण्याचं आणि बुटाचं बोला



होळी झाली की धामणगाव बढे आणि आजूबाजूच्या गावांत मुकादम फिरू लागतात. वीटभट्टी, गिट्टीची खदान, रस्त्याचं डांबरकाम. हातावर उचल ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पिकअप गाडी भरून माणसं नेतात. आपण जातो, कारण कसत असलेल्या जमिनीचा पट्टा अजून हातात नाही, आणि ज्याला मिळाला त्याच्या वावरात पाणी नाही. जाण्याला माझा विरोध नाही. पोट कोणाला चुकलं? पण जाताना आपण फक्त रोज किती आणि उचल किती एवढंच बोलतो, ही आपली मोठी चूक होते आहे. त्यासाठी हे लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचा पोरगा, वय एकोणीस, अशाच एका डांबरकामावर गेला. पिंपाखाली लाकडं सारायची आणि डांबर ओतायला हात लावायचा, हे त्याचं काम. रात्री अवकाळी पाऊस पडला होता. उघड्या पिंपात पाणी साचलं होतं. सकाळी घाईघाईत ते तसंच गरम डांबरात ओतलं. डांबर दुधासारखं उतू आलं आणि त्याच्या दोन्ही पायांवर पडलं. पायात रबरी स्लिपर. मुकादम म्हणाला, "डिझेलनं पुसून काढा, काही होत नाही." पुसता पुसता कातडं निघून आलं.

तीन महिने पोरगा खाटेवर होता. ठेकेदारानं थोडे पैसे दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. घरच्या बकऱ्या विकल्या. त्याच्या बापाच्या वनहक्क दाव्याची स्थळपाहणी झाली, त्या दिवशी बाप दवाखान्यात पोराच्या उशाशी बसलेला होता. म्हणजे पाय भाजले पोराचे, आणि दावा अडकला घराचा.

गावात लोक म्हणाले, "नशीब त्याचं." मी म्हणतो, यात नशीब कुठं आलं? पाणी शंभर अंशाला उकळतं. डांबर दीडशे अंशाच्या वर तापवतात. त्यात पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते, वाफेला शेकडो पट जास्त जागा लागते, आणि ती डांबराला वर उसळवते. हे ठेकेदाराला माहीत असतं. पिंप झाकून ठेवायला एक पत्रा पुरला असता. पायाला बूट पुरला असता.

आपण जंगलातली माणसं. आगीला आपण नवखे नाही. वणवा लागला तर वारा कुठून येतो ते आधी पाहतो, जाळरेषा काढतो, पोरं-ढोरं मागे घेतो. ती आग दिसते. यंत्राची आग दिसत नाही, म्हणून तिथं आपण फसतो. जेसीबीचा सायलेन्सर बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. ट्रॅक्टरच्या किंवा रोलरच्या रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. इंजिन गरम असताना झाकण फिरवलं की उकळतं पाणी आणि वाफ थेट तोंडावर येते. पाणी आणायला आणि ओतायला बहुतेक वेळा आपल्याच पोराला सांगतात. हायड्रॉलिकचा पाईप फुटला तर तेल गरमही असतं आणि जोरातही येतं. चालू इंजिनवर डिझेल ओतताना सांडलं आणि तापल्या लोखंडावर पडलं, तर पेट घेऊ शकतं.

आणि वरून ऊन. वैशाखात नवी सडक खालून तापते, डांबर समोरून तापवतं, सूर्य वरून. तहान लागण्याची वाट पाहत राहिलं तर उशीर होतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात गेलं पाहिजे. नवा माणूस असेल तर पहिले काही दिवस त्याला कमी काम द्यायला हवं, अंगाला ऊन सवयीचं व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ म्हणजे आधीचा इशारा. माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, की तो उष्माघात. तेव्हा "जरा पडू दे" म्हणायचं नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. सावली नाही म्हणून बाया लेकरांना टिप्परखाली निजवतात. ते तर कधीच करू नका. ड्रायव्हरला खालचं लेकरू दिसत नाही.

आपल्याच जिल्ह्याचं पाहा. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ बस पेटली, २५ माणसं जळून गेली. मुख्यमंत्री आले, मदत जाहीर झाली. यायलाच पाहिजे होते. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच तालुक्यात, त्याच महामार्गाच्या कामावर, लोखंडी सळयांच्या टिप्परवर बसवून नेलेले दहाहून जास्त मजूर टिप्पर उलटून मेले. तेव्हाही पेपरात आलं. पण एकट्यादुकट्याचा पाय भाजतो, हात भाजतो, तेव्हा कोणी येत नाही. त्याची मोजदाद आपणच ठेवली नाही तर कोण ठेवणार?

म्हणून माझं म्हणणं असं. उचल हातात घेण्याआधी, गावातच, चार माणसांसमोर मुकादमाशी ठरवा:

१. डांबराजवळ काम करणाऱ्याला बंद बूट आणि जाड हातमोजे ठेकेदारानं द्यायचे. पायाला बारदान गुंडाळणं म्हणजे बूट नव्हे. डांबर पिऊन बारदान पेटतं.
२. कामावर दोन पाणी: एक प्यायचं, एक भाजल्यावर ओतायचं. दुसऱ्या पिंपाला कोणी कपडे धुवायला हात लावायचा नाही.
३. सावलीसाठी ताडपत्री. दुपारी बारा ते चार डांबराचं काम बंद, सकाळी लवकर सुरू.
४. रेडिएटर, डिझेल आणि यंत्राची दुरुस्ती ड्रायव्हर-मेकॅनिकनंच करायची. मजुराला सांगायचं नाही.
५. जखमी झाला तर त्याच गाडीनं लगेच दवाखान्यात.

आपल्या बाजूनंही काही पाळा. डांबर ओतताना वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. नायलॉनची साडी-ओढणी आगीजवळ वितळून अंगाला चिकटते, सुती घाला, पदर खोचा. ओलं पिंप दिसलं तर हात लावू नका, ओरडून सांगा. आणि दारू पिऊन कामावर जाऊ नका. अंगाला धोका तर आहेच, भरपाई नाकारायला मालकाला पळवाटही मिळते.

भाजलंच तर वीस मिनिटं साधं थंड पाणी ओतत राहा. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, डिझेल काही लावू नका. चिकटलेलं डांबर किंवा कपडा ओढू नका, ते डॉक्टर काढतील. सूज यायच्या आत बांगड्या, कडं, जोडवी काढा. स्वच्छ सुती फडक्यानं झाका आणि न्या. दवाखान्यात "कामावर भाजलं" असंच लिहून घ्या. "घरी चुलीवर भाजलं" असं सांगायला लावतात, ते ऐकू नका. पोलीस ठाण्यातही नोंद करा.

भरपाई ही भीक नाही. कामावर जखमी झालेल्याला मालकानं भरपाई द्यावी असा कायदा १९२३ सालीच झाला. आता तो सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेत गेला आहे, हक्क तोच आहे. मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ काम देणाऱ्यावरही जबाबदारी येते. साधी चूक झाली म्हणून हक्क जात नाही. हक्क सोडला असं लिहून घेतलेला कागद कायद्यात टिकत नाही; तो अंगठा पाहून घाबरू नका. शिवाय वर्षात ९० दिवस बांधकाम किंवा रस्त्याचं काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या माणसाला बांधकाम कामगार मंडळात नोंद करता येते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला लागतो. हाजरीचा कागद, नाहीतर निदान मुकादमाचा आणि गाडीचा नंबर, घरी लिहून ठेवून जा.

कोणी म्हणेल, "एवढं मागितलं तं तो दुसऱ्या गावची टोळी नेईल." खरं आहे. एका गावानं मागितलं तर नेईलच. पण जमिनीसाठी मोर्चा काढताना आपण एका गावाचे जातो का? तिथं दहा गावं एक होतात. मग बुटासाठी का नाही होत? आपल्या बैठकीत दावे, पट्टे, फॉरेस्टचा त्रास यावर रात्रभर बोलणं होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण मजुरीचा विषय काढला की "तो ज्याचा त्यानं पाहावा" असं आपणच म्हणतो. ज्या पायांनी आपण मोर्चात चालतो, तेच पाय तिथं भाजतात.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं एक वही आणावी. कोण कुठं कामाला गेलं, कोणासोबत गेलं, कोणाला काय इजा झाली, एवढंच लिहायचं. आणि वरच्या पाच अटी सगळ्या गावांनी एकाच दिवशी ठराव करून मान्य कराव्यात. पानाचा कागद मुकादमाच्या हातात द्या. त्याला वाचता येतं.

— एक कार्यकर्ता, मोताळा तालुका