‘महाराष्ट्राचा गॉर्की’ : एका बिरुदाची झडती

अण्णा भाऊ साठे यांना ‘महाराष्ट्राचे मॅक्झिम गॉर्की’ म्हणण्याची प्रथा इतकी रूढ झाली आहे, की ती तपासून पाहणे हाच औचित्यभंग ठरावा. परभणी जिल्ह्यात १ ऑगस्टच्या जयंतीच्या फलकांवर हे बिरुद असते, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत असते. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा तर त्याला जणू राजमान्यताच मिळाली. फलक लावणाऱ्यांचा हेतू गौरवाचा असतो, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती समीक्षकांविषयी. गौरवाच्या शब्दाला त्यांनी निष्कर्षाचा दर्जा दिला आणि तौलनिक अभ्यासाचे काम पूर्ण झाले असे मानले.

या निष्कर्षाचा आधार शोधू जाता हाती काय लागते? दारिद्र्य, नाममात्र शालेय शिक्षण, कोवळ्या वयात पडलेली वणवण, मिळेल ते काम आणि पुढे कष्टकऱ्यांविषयीचे लेखन. ही सर्व साम्ये चरित्रातील आहेत. चरित्रसाम्य म्हणजे वाङ्मयीन प्रभाव नव्हे. प्रभाव सिद्ध करावयाचा तर लेखकाने काय घेतले, घेतलेल्याचे काय केले आणि काय नाकारले, हे संहितेतून दाखवावे लागते. आपल्या समीक्षेने हे कष्ट क्वचितच घेतले आहेत.

दुसरा प्रश्न त्याहून अडचणीचा आहे : कोणता गॉर्की? १९०५च्या उठावानंतर रशिया सोडावा लागलेला, ‘आई’ ही कादंबरी १९०६ साली अमेरिकेत लिहू लागलेला आणि १९१३पर्यंत काप्री बेटावर राहिलेला निर्वासित गॉर्की, की १९३४च्या सोव्हिएत लेखक परिषदेचा अध्यक्ष गॉर्की? काप्रीच्या गॉर्कीने लुनाचार्स्कीप्रभृतींच्या सोबतीने समाजवादाला श्रद्धेचे रूप देण्याचा विचार मांडला होता आणि त्यासाठी लेनिनचा रोष ओढवून घेतला होता. अध्यक्षपदावरच्या गॉर्कीच्या साक्षीने समाजवादी वास्तववाद हे अधिकृत धोरण ठरले. त्याआधी १९२९ साली सोलोव्हेत्स्की बेटावरील छळछावणी पाहून त्याने तिच्याविषयी अनुकूल लिहिले होते. मराठीत पोहोचला तो या दोहोंतील अंतर बुजवून टाकलेला गॉर्की. स्वस्त सोव्हिएत प्रकाशनांनी आणि पक्षीय अभ्यासवर्गांनी त्याची जी मूर्ती घडविली, तिच्याशीच आपण अण्णा भाऊंची तुलना करीत आलो.

आता संहितेकडे वळू. ‘आई’मध्ये परिवर्तनाचे साधन आहे छापील अक्षर. पावेल पुस्तके आणतो, घरात वाचनमंडळ भरते. निलोव्ना पत्रके वाटता वाटता स्वतः बदलते आणि अखेरीस पत्रकांसह पकडली जाते. ‘फकिरा’त (१९५९) बंड पुस्तकातून येत नाही. ते येते जोगणीच्या मानासाठी प्राण देणाऱ्या राणोजीच्या स्मृतीतून, दुष्काळातील उपासमारीतून आणि मांगांना जन्मतः गुन्हेगार ठरविणाऱ्या हजेरीच्या जाचातून. ज्या समाजाला अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्याच्या बंडाला पत्रकाची वाट पाहता येत नव्हती. शिवाय पावेलच्या वस्तीत मालक आणि मजूर अशी सरळ रेषा आहे. फकिराच्या गावात गावकी आहे, गावाबाहेरचा मांगवाडा आहे, आणि मांगांची बाजू घेणारा विष्णुपंत कुलकर्णीही आहे. ही रचना वर्गाच्या एकाच मापाने मोजता येत नाही.

तरीही येथे एक खरे नाते आहे आणि ते बिरुदानेच झाकले आहे. निलोव्ना आपल्या ख्रिस्तश्रद्धेची भाषा टाकून देत नाही; त्याच भाषेतून तिला मुलाचा लढा कळतो. अण्णा भाऊही जोगणीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारीत नाहीत, तिच्यातच बंडाचे बीज पाहतात. लोकांच्या श्रद्धेतून विद्रोहाची भाषा घडविणे हे दोघांचे समान धाडस आहे, आणि या धाडसापुरते अण्णा भाऊंचे नाते काप्रीच्या गॉर्कीशी आहे. पक्षाच्या चौकटीत न मावणे हेही त्या नात्याचे लक्षण म्हणावे लागेल. १९४४च्या लाल बावटा कलापथकाचा हा शाहीर १९५८च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करतो आणि ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतो. या दोन निष्ठांमधील ताण हाच त्यांच्या लेखनाचा गाभा आहे. ‘गॉर्की’ म्हटले की त्यातील एकच निष्ठा उरते.

याच्या उलट टोकाला देशीवादाचे सोयीस्कर अनुयायी आहेत. त्यांच्या मते पोवाडा आणि तमाशा यांच्यावर पोसलेल्या लेखकाशी रशियाचा संबंध जोडणेच परभृतपणाचे आहे. हेही सत्याला धरून नाही. ‘स्टॅलिनग्राडचा पोवाडा’ रचणाऱ्या आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिणाऱ्या माणसाची जगाविषयीची ओढ पुसून टाकण्याचा अधिकार कोणाला नाही. त्यांनी रशियाचा विषय घेतला आणि घाट आपला ठेवला. देवघेव म्हणतात ती हीच. एक पक्ष अण्णा भाऊंना प्रतिकृती ठरवतो, दुसरा त्यांना गावाच्या वेशीत कोंडतो. दोघांनाही त्यांचे लेखन बारकाईने वाचण्याची गरज भासत नाही.

हा वाद केवळ नामाभिधानाचा नाही. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि गिरणगावातून आलेले नारायण सुर्वे त्याचे अध्यक्ष होते. कष्टकऱ्यांचे साहित्य मराठीच्या मध्यवर्ती व्यासपीठावर आले. मात्र त्याला मोजण्याची मापे तेथे आली नाहीत. औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याची स्वतंत्र मीमांसा उभी करण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे सूत्र अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांपर्यंत नेणे हे मराठवाड्यातील अभ्यासकांचे काम होते. त्याऐवजी आम्ही बिरुदावर समाधान मानले. परिणामी त्यांच्या सुमारे पस्तीस कादंबऱ्यांतील कोणत्या टिकाऊ, कोणत्या घाईच्या, कोठे रंजकतेने आशयावर मात केली, याचा निर्भीड निवाडा झाला नाही. गौरव केला की मूल्यमापन टाळता येते. उपेक्षेचा हा सभ्य प्रकार आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. ‘आई’ आणि ‘फकिरा’ शेजारी ठेवून वर्गात वाचाव्यात. बिरुदाची चर्चा त्यानंतर व्हावी. निलोव्नाच्या पत्रकांनी आणि राणोजीच्या जोगणीने विद्यार्थ्यांपुढे उभे केलेले प्रश्न वेगवेगळे आहेत. आमच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना त्यांतला दुसरा प्रश्न आमच्याहून लवकर कळेल. त्यांच्या उत्तरपत्रिकेत मात्र आजवर आम्ही पहिलाच मागत आलो आहोत.