हाडांची वेळ

मुलगी न्हातीधुती झाली कीं घरांतील वडील मंडळींचें लक्ष तिच्या उंचीकडे आणि वर्णाकडे जातें. हाडांकडे सहसा कोणाचें जात नाहीं. वस्तुतः त्यांच्या भरणीचा काळ तोच.

पुण्यांत गरीब घरांतील १४-१५ वर्षांच्या ५० मुलींवर केलेला एक प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांस वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलें. एका गटास त्याखेरीज वर्षांतून चार वेळां 'ड' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली. त्या गटाच्या रक्तांत तें जीवनसत्त्व पुष्कळ वाढलें. हाडांस मात्र लाभ दिसला तो ऋतुप्राप्तीस दोन वर्षें न झालेल्या मुलींतच! प्रयोग लहान, तरी आयांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा.

सुस्थितींतील वाचकभगिनींनीं निर्धास्त राहूं नये. मुलगी दिवसभर वर्गांत, सायंकाळीं शिकवणीस. वर 'काळी पडशील' हा आपलाच धाक. सकाळच्या कोवळ्या उन्हाची महती आपण गातों खरी, पण हें जीवनसत्त्व त्वचेंत निर्माण करणारे किरण माध्यान्हाच्या सुमारासच भरपूर असतात, आणि खिडकीची कांच ते अडविते. तेव्हां मधल्या सुटींत मुलीनें थोडा वेळ तरी मैदानांत जावें. जेवणांत दूध, नाचणी, तीळ असावेत.

किशोरवयांत रोज ६०० युनिट 'ड' जीवनसत्त्व पुरेसें मानिलें आहे. साठ हजारांची गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून कदापि देऊं नये. अतिरेकानें रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो. ती डॉक्टरांस विचारूनच द्यावी, आणि विचारावयाचें तें वेळींच.