वाटून घेतलेले सार्वभौमत्व आणि काढून घेतलेले

युरोपातील राष्ट्रांनी आपले सार्वभौमत्व ब्रुसेल्सच्या पायाशी नेऊन ठेवले, असे म्हणून आपल्याकडील राष्ट्राभिमानी मंडळी युरोपीय संघाची कीव करीत असतात. ‘एक देश, एक कर’ या घोषणेला टाळ्या पिटण्यात मात्र हीच मंडळी पुढे. तेव्हा निदान कराच्या बाबतीत तरी हिशेब तपासून पाहू.

युरोपीय संघात 27 देश आहेत. करविषयक निर्णयाला तेथे एकमत लागते. चिमुकल्या माल्टाचा नकारही जर्मनीला पुरून उरतो. मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर 15 टक्क्यांहून कमी नसावा, हे बंधन आहे. पण ते पाळून लक्झेंबर्ग 17 टक्के घेतो, हंगेरी 27 टक्के. बाजारपेठ एक आणि दर निरनिराळे. तरीही आतल्या सरहद्दींवर करासाठी मालमोटारी खोळंबत नाहीत.

आपल्याकडे 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने वस्तू व सेवा कर परिषद आली. तिच्यात केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश; निर्णयाला मात्र तीन चतुर्थांश बहुमत हवे. अंकगणित सोपे आहे. सारी राज्ये एकवटली तरी ठराव मंजूर होत नाही आणि केंद्र एकटे तो अडवू शकते. राज्यांना केंद्राचा ठराव अडवायचा तर सुमारे बारा जणांची एकजूट हवी. याला भागीदारी म्हणायचे, तर सावकार आणि कूळ यांनाही भागीदारच म्हणावे लागेल! परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी दिला खरा. पण परिषदेबाहेर जाऊन वेगळा दर लावण्याची हिंमत कोणते राज्य करील? 2020 साली ठरलेली भरपाई देण्याची वेळ आली, तेव्हा केंद्राने दैवी कोपाकडे बोट दाखवले आणि राज्यांना कर्ज काढण्याचा सल्ला दिला. ओरड झाल्यावर केंद्राने स्वतः कर्ज काढून ते राज्यांना दिले.

या उतरंडीच्या तळाशी कोण आहे, हे पाहायचे तर आमच्या चिंचवडला यावे. कारखान्यांत येणाऱ्या मालावरील जकातीच्या बळावर पिंपरी-चिंचवड महापालिका श्रीमंत म्हणून मिरवत होती. जकात हा चांगला कर होता, असे अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेला माणूस म्हणणार नाही. नाक्यावरच्या रांगा आणि तेथली चिरीमिरी कोणाला आठवत नाही? मार्च 2013 अखेर जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि 1 जुलै 2017 पासून तोही संपला. वाईट कराबरोबर कर बसवण्याचा हक्कही गेला. आज महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसते, आणि परिषदेत तिला साधी खुर्चीही नाही. कामगाराने विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर कर भरावा, पण त्यातून त्याच्या वस्तीच्या नळाला किती मिळावे हे दिल्ली आणि मुंबईने ठरवावे, अशी ही व्यवस्था आहे.

युरोप म्हणजे स्वर्ग नव्हे. 5 जुलै 2015 रोजी ग्रीक जनतेने सार्वमतात धनकोंच्या अटी फेटाळल्या, आणि दहा दिवसांच्या आत तिच्याच सरकारला कठोर अटींपुढे मान तुकवावी लागली. एका चलनात शिरलेल्यांना तिजोरीची किल्ली मात्र मिळाली नव्हती. समाईक कारभाराला विरोध करणारे आम्ही नव्हे. शेजाऱ्यांनी मिळून विहीर खणावी, पण रहाट एकाच्याच हाती का?

राज्याला आपल्या वाट्याच्या करात दोन-तीन टक्के वरखाली करण्याची मुभा असावी. महापालिकांचा हिस्सा मेहेरबानीने नव्हे, घटनेने ठरावा. या दोन्ही गोष्टींना वेळ लागेल. तिसरी उद्या करता येईल. डेन्मार्कचा मंत्री महत्त्वाच्या प्रश्नावर ब्रुसेल्सला वाटाघाटीस निघण्यापूर्वी आपल्या संसदेच्या समितीपुढे भूमिका मांडून संमती घेतो. आपला अर्थमंत्री परिषदेला जाताना विधानसभेला काय विचारून जातो? बैठकीपूर्वी सभागृहाच्या समितीकडून आदेश घ्यावा आणि परतल्यावर आपण मत कोणीकडे टाकले ते सांगावे, असा नियम करायला घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगीही नाही. विधानसभेत असा ठराव कोणता पक्ष आणतो, ते आम्ही पाहणार आहोत.