‘पूर्वीही बदलत होते’ हे उत्तर नव्हे

‘हवामान नेहमीच बदलत आले आहे, उगाच बाऊ नको’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. हिमयुगे माणसाविना आली आणि गेली. पण शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी काही अंशांनी तापायला हजारो वर्षे लागली. आता सुमारे दीडशे वर्षांतच वाढ एका अंशापुढे गेली आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० च्या आसपास भाग होते, आज ते ४२० च्या वर आहेत. ही भर मुख्यतः कोळसा आणि खनिज तेल जाळल्याची आहे.

‘कोकणाने वादळे पाहिलीच आहेत,’ असेही पत्रलेखक म्हणतात. एकट्या वादळाचे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, हे मान्य. पण अरबी समुद्र तापतो आहे आणि वादळाला बळ त्या उष्णतेतूनच मिळते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत नारळ उन्मळले, सुपारी मधोमध मोडली. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले. हापूसचे दुखणे वेगळे: थंडी लांबली की मोहोर उशिरा, आणि अवकाळी पाऊस झाला की तोही काळा पडतो.

सुपारीचे नवे रोप धरायला पाच-सहा वर्षे घेते. तेव्हा भरपाई ठरवताना पडलेल्या झाडाबरोबर ही रिकामी वर्षेही हिशेबात धरावीत. ‘बाऊ नको’ म्हणणाऱ्यांनी निदान या मागणीला तरी पाठिंबा द्यावा.

– एक बागायतदार, रायगड