ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

लिंबायतच्या एका भगिनींनी आम्हांस विचारले आहे की, घरातला संगणक दिवसा साडीच्या डिझाइनसाठी आणि रात्री चिरंजीवांच्या खेळासाठी चालतो. जुने प्लेस्टेशनचे खेळ त्यावर चालावेत म्हणून मुलगा भारी ग्राफिक्स कार्ड मागतो आहे, तर दिवाळीची शिल्लक त्यात घालावी काय?

सगळी शिल्लक घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एम्युलेटर हा एका यंत्राची बोली दुसऱ्या यंत्राला समजावणारा दुभाषा होय. प्लेस्टेशन 2 हे यंत्र 2000 साली आले. त्याच्या आज्ञा क्षणोक्षणी आजच्या संगणकाच्या भाषेत उलगडाव्या लागतात, आणि हे काम प्रोसेसरच्या माथी पडते. कार्डाकडे उरते ते चित्र रंगविणे. मूळचे लहान चित्र ‘पीसीएसएक्स2’मध्ये तिप्पट केले की साधारण 1080 ओळींच्या पडद्याला पुरते, एवढे माफक कार्डही करते. प्लेस्टेशन 3 साठीचा ‘आरपीसीएस3’ तर प्रोसेसरचा घामच काढतो. प्रोसेसर दुबळा असेल, तर कितीही महाग कार्ड बसवा, खेळ अडखळणारच. डिझाइनच्या मोठ्या फायलींनाही कार्डापेक्षा रॅमचा उपयोग अधिक.

संगणकाच्या नव्या खेळांची गोष्ट निराळी. तेथे भार कार्डावरच असतो. आमच्या मते 8 जीबीहून कमी मेमरीचे कार्ड आता घेऊ नये. रेडिऑन आरएक्स 6600 मध्ये तेवढी मेमरी आहे आणि वीज 132 वॅट लागते. आरटीएक्स 3060 घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. 2021 साली हे कार्ड 12 जीबी मेमरीचे म्हणून आले. पुढे 2022 च्या अखेरीस त्याच नावाने 8 जीबीचेही निघाले, आणि त्यात मेमरीकडे जाणारी वाटही अरुंद आहे. नाव एक, माल दोन! साडीचा पोत बोटांनी पारखणाऱ्या सुरतकरांना अधिक काय सांगावे? बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्यावा.

जुने कार्ड स्वस्त मिळते. पण सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरील उत्खनन थांबले, तेव्हा अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. अर्धा तास खेळ चालवून, पंख्याचा आवाज ऐकूनच पैसे द्यावेत. मागांच्या वस्तीत धूळ नि तंतू पंख्यांत बसतात, म्हणून कॅबिनेट अधूनमधून साफ करावे.

आणखी एक. एम्युलेटर वापरणे वेगळे आणि फुकट उतरविलेला खेळ वापरणे वेगळे. दुसरी गोष्ट आम्ही चोरीच मानतो. ‘युझू’च्या कर्त्यांनी 2024 साली निंटेंडोला 24 लाख डॉलर देण्याचे मान्य करून आपले काम बंद केले, हेही चिरंजीवांच्या कानी घालावे.

तूर्त भगिनींनी कॅबिनेट उघडवून एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा वाचावा. 3060 साठी 550 वॅटचा सांगितला जातो. प्रोसेसरचे नाव आम्हांस कळवावे. ते जुने असेल, तर शिल्लक आधी तेथे खर्चावी.